तीच वही, तीच किंमत

१२ जानेवारी

सकाळी वर्तमानपत्र उघडलं, परदेशी चलनांच्या दरांचा तक्ता काढला, पेन्सिलीला टोक केलं, आणि मग आठवलं की आजपासून हे काम माझं नाही.

नऊ वर्षं रोज सकाळी हेच केलं. आम्ही हातानं शिवलेल्या वह्या विकतो. कारखाना तळमजल्यावर, दुकान इंटरनेटवर आणि गिऱ्हाइकं तेवीस देशांत. किंमत मात्र एकाच चलनात दिसायची, आमच्या. त्यामुळे रोज दहा-बारा पत्रं ठरलेली: ‘वही सुरेख आहे, पण आमच्या पैशात किती पडेल?’ मी तक्ता बघायचे, गुणाकार-भागाकार करायचे, दोन ओळी मायेच्या घालायचे आणि उत्तर धाडायचे. शाळेतून संस्कृत हा विषय गेला आणि त्याच्यामागोमाग मीही गेले, तेव्हा धाकट्यानं ही पत्रं माझ्या पुढ्यात ठेवली होती. पंचेचाळिसाव्या वर्षी पाढे पुन्हा पाठ केले.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, दुकानाचा मालक, आणि घरातला एकमेव आशावादी माणूस. त्यानं आता नवी सोय करून घेतली आहे. गिऱ्हाईक ज्या देशातून दुकान उघडेल, त्या देशाच्या पैशात त्याला किंमत दिसणार. सोय बसवणारे गृहस्थ टकले, गंभीर आणि कायमचे दमलेले आहेत. दर सोमवारी येतात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसतात आणि सुस्कारे टाकतात. मी त्यांचं नाव विश्वकर्मा ठेवलं आहे.

“म्हणजे किंमत बदलत नाही ना?” मी गेल्या सोमवारी विचारलं.

“मूळ किंमत एकच, मॅडम. दर रोज पहाटे आपोआप येतो.”

“मूळ प्रातिपदिक एक आणि विभक्त्या तेवीस.”

त्यांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. “तसं काही नसतं हो त्यात,” म्हणाले.

पेन्सिल दौतीशेजारी ठेवून दिली. सुटका झाली म्हणून बरं वाटलं, आणि थोडं बेकार झाल्यासारखंही.

१५ जानेवारी

धाकटा सकाळी माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसला. लहानपणी काही हवं असलं की असाच बसायचा.

“ताई, लोकांना शंका येते गं. आपल्या पैशात किंमत दिसली की वाटतं, ह्यानं मध्ये काहीतरी चापलं असणार.”

“मग?”

“मग तू लिही ना. तुझ्यावर विश्वास आहे लोकांचा. माझ्यावर कोण ठेवणार?”

आमची एक जुनी पद्धत आहे. प्रत्येक पार्सलमध्ये वहीच्या पहिल्या पानाशी माझ्या हातची चिठ्ठी असते, शाईनं लिहिलेली. वही कोणी शिवली, दोरा कोणता, कागदाला ऊन लागू देऊ नका, असं काहीबाही. आता त्यात शेवटी एक ओळ वाढवली: ‘तीच वही, तीच किंमत, फक्त तुमच्या पैशात. माझा शब्द.’

धाकट्यानं दोनदा वाचली. मी म्हटलं, “‘माझा शब्द’ जरा नाटकी होतंय, काढते.”

“नको नको. तेच राहू दे. तेच सगळ्यात छान आहे.”

ह्या माणसानं आजवर माझ्या एकाही वाक्याची स्तुती केली नव्हती. चेहरा शक्य तितका कोरा ठेवला, पण दुपारपर्यंत खुशीत होते हे इथे नोंदवून ठेवते.

२१ जानेवारी

माझी कार्डांची पेटी धाकटा घेऊन गेला. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो म्हणाला. उद्या आग लागली, पाणी शिरलं तर? विचार चांगला आहे. कार्डांचं मलाच जरा ओशाळं वाटतं. एका गिऱ्हाइकाला एक कार्ड, देशवार लावलेलं, आणि वर माझी टिप्पणी, फक्त माझ्यापुरती. कोणाचा नवरा वारला, कोणाला रेघा नकोत, कोणाला लांबलचक पत्रं आवडतात. आणि थोडी थट्टा. ‘हे गृहस्थ वही घेतात आणि लिहीत काहीच नाहीत, पुढच्या वर्षी नवी घेतात.’ ‘ह्यांना भाव सांगण्यापूर्वी पाणी द्यावं.’

तो पेटी मांडीवर घेऊन वाचत होता आणि हसत होता. “ताई, तुला माणसं काय कळतात गं!”

“तुझं कार्ड वाचलंस का?”

“माझं पण आहे?” क्षणभर खरंच घाबरला.

संध्याकाळी भावजय चहा घेऊन माझ्या खोलीत आली. कप ठेवला तरी जाईना. मग म्हणाली, “ताई, तुम्ही चिठ्ठीत किमतीचं कशाला लिहिता? वहीचं लिहा की. ते किती छान लिहिता.”

“अगं, त्यालाच हवंय ते.”

“हो, पण तुम्ही नाही म्हटलंत तर तो काय करणार आहे?”

मी हसले. नवऱ्यानं बहिणीचं कौतुक केलं की बायकोला कुठेतरी टोचतंच. स्वाभाविक आहे. उद्या तिच्या नव्या पडद्यांबद्दल चांगलं बोलायला हवं.

३० जानेवारी

मला नवी खुर्ची आली. पाठीला उशी, खाली चाकं. जुनीत बसून नऊ वर्षं मणके झिजवले तेव्हा कोणाला दया आली नाही. दुकान जोरात चाललं आहे म्हणे.

दुकानाच्या पहिल्या पानावर माझी ती ओळ झळकते आहे, माझ्याच अक्षरात, आणि खाली माझी सही, ताटाएवढी. सही बघून बाइंडरकाका चष्मा कपाळावर चढवून उभे राहिले. काका सदुसष्ट वर्षांचे. आमच्या वडिलांच्या वेळेपासून वह्या शिवतात, आणि कौतुक करायचं असलं की तक्रार करतात.

“बाई, तुमची सही आता माझ्या शिलाईपेक्षा मोठी झाली.”

“काका, लोक वही शिलाई बघूनच घेतात.”

“घेतात शिलाई बघून. भाव तुमची सही बघून देतात.”

ते सहज बोलले, पण ऐकायला गोड लागलं.

धाकट्यानं माझी जुनी पत्रंही मागितली, नऊ वर्षांची सगळी. मदतीचं पान लिहायचं आहे, तुझ्या धर्तीवर हवं, म्हणाला. दिली. किंबहुना, अभिमानानं दिली.

३ मार्च

आज जुळ्यांचा दिवस.

आमच्या गिऱ्हाइकांत दोघी जुळ्या बहिणी आहेत, निवृत्त परिचारिका. दोघी दोन देशांत राहतात, मध्ये एक अख्खा समुद्र. वाढदिवसाला दोघी एकाच वेळी दुकान उघडून एकसारखी वही मागवतात, वर्षभर तीत लिहितात, आणि वर्षअखेर वह्यांची अदलाबदल करतात. थोरली अकरा मिनिटांनी मोठी आहे, आणि ती अकरा मिनिटं तिनं आयुष्यभर गाजवली आहेत. धाकटी दर वर्षी मला विचारते, ‘वहीचा आकार गेल्या वर्षीएवढाच ना? किंमत तीच ना? टपाल धरून ना?’ थोरली कधीच काही विचारत नाही. पत्र मात्र चार पानी लिहिते.

दोन वह्या, निळं कापड, पांढरा दोरा. दोन चिठ्ठ्या. दोन्हींत तीच शेवटची ओळ.

९ मार्च

थोरलीचं पत्र. नेहमीचं नाही, दीड पानाचंच.

‘तुमच्यावर अविश्वास नाही, नुसतं कुतूहल म्हणून विचारते. काल फोनवर बहीण बोलता बोलता तिची किंमत बोलून गेली. मी सहज हिशेब केला, तर माझी वही तिच्यापेक्षा बरीच महाग दिसते. माझंच गणित चुकलं असेल. शाळेत गणिताच्या बाईंनी माझ्यापुढे हात टेकले होते.’

पेन्सिल समोरच होती. उचलली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण दैनंदिनीशी तरी खरं बोलावं.

११ मार्च

सकाळच्या चहाला धाकट्याला विचारलं. विचारून होण्याआधीच त्याचं उत्तर तयार होतं.

“त्यांच्या देशाचा कर असतो ताई, बँक मध्ये कापते, आणि त्या दिवशी दर चढला होता. आणि धाकट्या बाईंनी गेल्या वर्षीची किंमत सांगितली असेल. तुझ्या सहीनं कळव, म्हणजे संपलं.”

लहानपणापासून हुशार आहे. मी चौथीत शिकवलेलं एकही सुभाषित त्याला पाठ नव्हतं, पण गैरहजेरीची कारणं तोंडपाठ असायची.

भावजय भांडी विसळत होती. नळ चालूच होता, भांडी कधीच विसळून झाली होती.

थोरलीला सविस्तर पत्र लिहिलं. कर, बँक, दर. पत्र कोरडं झालं म्हणून शेवटी थोडी थट्टा घातली: ‘आणि एक गुपित सांगते. मीही थोरली आहे. धाकटी भावंडं किंमत नेहमी थोडी कमीच सांगतात. वय आणि अपराधही. माझ्या घरचा अनुभव आहे.’

वाक्य जमलं होतं. दोनदा वाचलं आणि पाठवलं.

२४ मार्च

थोरलीचं पत्र आलं. पुरं उतरवून घेते, नाहीतर पुढे मी ते मनातल्या मनात सौम्य करून टाकेन.

‘तुमचं पत्र मी बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. थट्टेसकट. ती म्हणाली, मी खोटं बोललेले नाही. मी म्हटलं, बाईंनी लेखी शब्द दिला आहे, त्या कशाला खोटं बोलतील? मग ती मागचं काढू लागली आणि मीही काढलं. आईच्या दुखण्यात कोण किती दिवस येऊन राहिलं इथपर्यंत गेलो. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा ती मला खोटारडी म्हणाली, कारण मी तिला आधी म्हटलं होतं. दोन आठवडे होत आले, आम्ही बोललेलो नाही. तुमचा दोष नाही हो. पण एकदा मला अगदी खरं सांगाल का, म्हणजे मला तिची माफी मागायची की तिनं माझी, हे तरी कळेल.’

आज पेन्सिल उचलली. वर्तमानपत्र काढलं. थोरलीनं भरलेली रक्कम आमच्या पैशात सोळाशे वीस झाली. धाकटीची बाराशे. वहीची मूळ किंमत बाराशे.

तीनदा करून पाहिलं. दर एवढा चढला तर ती वर्तमानपत्राची पहिली बातमी होते. आणि कर तर पावतीवर वेगळा दाखवलेला असतो. पावत्या मीच पार्सलमध्ये घालते. डोळ्यांखालून रोज जातात.

तरी मन म्हणत होतं, यंत्राची चूक असेल. मन फार आज्ञाधारक असतं.

२६ मार्च, सोमवार

विश्वकर्मा आले. धाकटा बँकेत गेला होता. मी माझी चाकांची खुर्ची ढकलत त्यांच्या शेजारी नेली.

“दाखवा मला, किंमत ठरते कुठे ते.”

“साहेबांना विचारून दाखवू का?”

“मी त्याची मोठी बहीण आहे. त्याला विचारून मी शिंकतही नाही.”

त्यांनी सुस्कारा टाकला आणि एक तक्ता उघडला. डावीकडे देश, तेवीस. त्यापुढे आजचा दर. त्यापुढे आणखी एक रकाना, ‘समायोजन’.

“हे काय?”

“दरानं किंमत काढायची, मग त्यावर हे टक्के चढवायचे. देशाप्रमाणे वेगळे. सगळी दुकानं करतात, मॅडम.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. टिपा तुमच्याच आहेत ना?”

सगळ्यात उजवीकडे अरुंद रकाना होता. ‘टीप’.

थोरलीच्या देशापुढे पस्तीस टक्के. टीप: ‘भाव विचारत नाहीत. पत्र आलं की विरघळतात.’

धाकटीच्या देशापुढे शून्य. टीप: ‘हिशेबी. दोनदा विचारतात, बहिणीलाही सांगतात.’

खाली एका देशापुढे अठ्ठावीस: ‘एकटे लोक. वहीपेक्षा चिठ्ठीसाठी घेतात.’ एका ठिकाणी बारा: ‘तक्रार करतात, पण विसरतात.’ सगळी वाक्यं माझी. माझ्या कार्डांवरची, स्वल्पविरामासकट. मी एका एका माणसाबद्दल लिहिलं होतं, त्यानं त्यांचे देश केले. ‘पत्र आलं की विरघळतात’ हे तर मी थोरलीबद्दलच लिहिलं होतं, आणि लिहिताना स्वतःशीच हसले होते.

“आणि टक्के?” मी विचारलं. “ते कोणी ठरवले?”

“साहेबांनी. पेटी घेऊन एक दिवस माझ्याकडे बसले होते. म्हणाले, ह्याच्यापेक्षा चांगली पाहणी कोणाकडे नसेल.” मग ते म्हणाले, “वाचायला खूप मजा आली, मॅडम. खरंच.”

मी त्यांना पाणी आणून दिलं.

२७ मार्च

धाकट्याशी बोलले. कारखान्यातच, कागद कापायच्या यंत्राशेजारी. काका शिवत होते. त्यांना जा म्हणावंसं वाटलं नाही.

“तो तक्ता कसला?” असं मी विचारणार होते. तोंडातून निघालं, “पाहिला मी तो तक्ता.”

त्यानं नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. निदान लाज वाटते असं कळलं असतं.

“ताई, अगं ह्यात चोरी काय आहे? विमानाच्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांचं तिकीट एकाच भावानं मिळतं का? ज्याला झेपतं तो देतो. ज्याला नाही, त्याला आपण स्वस्त देतो. उलट न्याय आहे हा.”

“मग तसं लिही दुकानावर. ‘ज्याला झेपेल त्याला जास्त.’”

“तसं लिहिलं तर कोण घेईल?”

“हेच म्हणतेय मी.”

“दोन वर्षं दुकान बुडत होतं, तुला माहीत होतं? कागद कुठून आला, काकांचा पगार कुठून आला, विचारलंस कधी? तू वर बसून पत्रं लिहीत होतीस.”

“माझ्या पगाराचं नाव पुढे करू नका,” काका सुईवरून नजर न काढता म्हणाले. “मला कोणी विचारलं नव्हतं.”

धाकटा त्यांच्याकडे वळलाही नाही. मी म्हटलं, “भाव वाढवायचा तर वाढवायचास. मीच लिहून दिलं असतं, कागद महागला, वही महागली, क्षमस्व. लोकांनी घेतली असती. माझ्या तोंडून उलटं का वदवलंस?”

“कारण तुझं ऐकतात,” तो म्हणाला. अगदी सरळ. आवाज चढवून नाही, खिजवून नाही. दोऱ्याचा भाव सांगावा तसं.

मग जवळ आला, लहानपणीचा आवाज काढला. “त्या एका बाईंना फरक परत देऊ. गुपचूप. झालं? आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर कशाला?”

“मी दोघींना खरं लिहिणार आहे. आणि थोरलीच्या देशातल्या आपल्या एकसष्ट गिऱ्हाइकांनाही.”

“ठीक आहे,” तो म्हणाला. “पण दोन दिवस थांब. मला एवढं तरी दे.”

दिले. त्याला मी चालायला शिकवलं आहे. माझं बोट सोडून तो पहिल्यांदा चालला तो दिवस मला तारखेसकट आठवतो. दोन दिवसांचं काय एवढं.

२९ मार्च

कॉम्प्युटरवरची माझी पत्रांची पेटी उघडत नाही. परवलीचा शब्द चुकीचा, असं यंत्र म्हणतं. विश्वकर्मांना फोन केला. “दुरुस्ती चालू आहे,” म्हणाले, आणि सुस्कारा टाकायलाही विसरले.

थोरलीला लिहायचा मसुदा कागदावर करते आहे. चार वेळा फाडला. प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एखादं चांगलं वाक्य जमून येतं, आणि ते आलं की मला माझाच संशय येतो.

२ एप्रिल

भावजय दुपारी आली. हातात दोन छापील कागद. दार लावून घेतलं.

“ताई, हे तुम्हाला दिलं असं त्याला सांगू नका. किंवा सांगा. मला आता काही वाटेनासं झालंय.”

वरचं पत्र थोरलीचं. ‘तुमचं पत्र वाचून मला रडूच आलं. एवढ्याशा चुकीसाठी एवढी माफी? डोळे माझेही अधू झालेत, आकड्यांच्या जागी मलाही मुंग्या दिसतात. बहिणीला लगेच फोन केला, तुमचं पत्र वाचून दाखवलं. दोघीही रडलो, मग दोघीही हसलो. उद्या ती माझ्याकडे येते आहे, आठवडाभर राहायला. फरकाचे पैसेही आले. त्याची गरज नव्हती. काळजी घ्या. डोळे तपासून घ्या.’

खाली, ज्याचं हे उत्तर होतं ते पत्र. माझं. ३० मार्चचं, माझ्या नावानं.

‘वयाबरोबर विद्या वाढते म्हणतात, माझी तर नजरसुद्धा घटली. तुमच्या देशाची ओळ वाचायची ती खालच्या देशाची वाचली, आणि यंत्रात चुकीचा आकडा मीच भरला. भाऊ बिचारा मला जपायचं म्हणून काही बोलला नाही. विभक्ती चुकली तर वाक्य तरी कळतं, आकडा चुकला तर दोन बहिणींचं बोलणं बंद पडतं. धाकट्या ताईंनी खरं तेच सांगितलं होतं. थोरलेपणाचा गर्व होता, तो ह्या चुकीनं उतरवला. दोघींनी मिळून मला एकदा ओरडा आणि मग एकमेकींशी बोला.’

मी दोनदा वाचलं. विभक्तीचा विनोद. आधी स्वतःला चिमटा, मग दुसऱ्याला. शेवटचं वाक्य आखूड. हे मी लिहिलं असतं. मी लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं, आणि वाक्य जमलं म्हणून दुपारभर खुशीत राहिले असते.

“कोणी लिहिलं?”

“त्यानंच. दोन दिवस तुमची जुनी पत्रं घेऊन बसला होता.” भावजय खिडकीकडे बघत म्हणाली, “मला वाचून दाखवलं. विचारलं, ताईचं वाटतंय का? मी म्हटलं, हो.”

“तू हो म्हणालीस?”

“वाटत होतं ना, ताई.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते आजवर मुलांना वाक्प्रचार म्हणून शिकवलं. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा.

३ एप्रिल

दिवसभर खोलीत. काम बिघडलं असतं तर सोपं होतं. पण सगळं सुरळीत झालं आहे. बहिणी बोलू लागल्या, पैसे परत गेले, तक्ता तसाच आहे आणि दोष माझ्या डोळ्यांचा. मी गप्प बसले तर कोणाचंच काही बिघडत नाही. त्यानं हा हिशेबही केला असणार.

धाकटा दाराशी येऊन म्हणाला, “त्या खूश आहेत, ताई. तुला हेच हवं होतं ना? त्या बोलाव्यात एवढंच.”

“तू मला आंधळी केलंस.”

“चाळिशी लागलेल्या माणसाला कोणी आंधळं म्हणत नाही,” तो म्हणाला, आणि हसला. मीही हसले असते, एरवी. विनोद माझ्याच घडणीचा होता.

४ एप्रिल

कागदावर लिहिलं तर कोणाचं ते ओळखू येणार नाही, हे आता कळलं आहे. म्हणून फोन केला. पार्सलच्या फॉर्मवर नंबर असतोच. सकाळी अकराला, कारखान्यातल्या फोनवरून, धाकटा समोर पावत्या चाळत असताना. मी नंबर फिरवत असताना त्यानं मान वर केली आणि मग खाली घातली.

थोरलीनंच उचलला. नऊ वर्षांत आवाज पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जाड, पण प्रेमळ.

“अगं बाई, तुम्ही! थांबा, थांबा, हिला बोलावते. आम्ही आत्ता तुमच्याचबद्दल बोलत होतो. ही म्हणते, एवढं सुंदर माफी मागणारं माणूस असेल तर आपण रोज भांडू.” मागून दुसरा आवाज हसला, थेट तसाच. “डोळे दाखवलेत का?”

“माझे डोळे चांगले आहेत,” मी म्हटलं. “ते पत्र मी लिहिलेलं नाही.”

मग सगळं सांगितलं. तक्ता, पस्तीस टक्के, शून्य. तीच किंमत नव्हती, आणि आहे असं मी माझ्या अक्षरात लिहून देत होते. कर आणि बँक खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण मी पडताळलंही नाही. धाकट्या बहिणींबद्दलची थट्टा मात्र माझीच होती. टिपाही सांगितल्या, दोघींच्या दोन्ही, शब्द न बदलता. ‘विरघळतात’ हेही म्हटलं. धाकट्याच्या हातातल्या पावत्या कधीच थांबल्या होत्या.

पलीकडे एक खुर्ची सरकली.

“म्हणजे डोळ्यांचं पत्र तुमच्या भावानं लिहिलं,” थोरली म्हणाली.

“हो.”

“आम्ही ते एकमेकींना वाचून दाखवलं होतं. ही म्हणाली, बघ, अगदी त्यांच्यासारखं आहे. मलाही तेच वाटलं.”

“हो.”

“नऊ वर्षांची पत्रं आहेत माझ्याकडे.” राग नव्हता आवाजात. हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावं, तसं ती विचारत होती. “त्यातली तुमची कोणती?”

“सगळी,” मी म्हणाले. “ह्या शेवटच्या एका पत्राखेरीज सगळी.”

“बरं,” ती म्हणाली.

ते ‘बरं’ मला ओळखीचं आहे. नऊ वर्षांत माझ्याशी ती तसं एकदाही बोलली नव्हती. दुकानदारानं माल चांगला आहे म्हणून सांगितलं की गिऱ्हाईक तसं म्हणतं.